चपळांची फळी आणि थोरांची चढाई



गेल्या पावसाळ्यात मैदानावर चिखल झाल्यामुळे खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला. तेव्हा आठवीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अमेरिकेत फुटबॉल हाताने खेळतात म्हणे. मग त्याला फुटबॉल का म्हणतात?" वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर मला नीट देता आले नाही. मी इतिहासाचा शिक्षक. खेळाशी माझा संबंध म्हणजे शालेय कबड्डीच्या सामन्यात शिट्टी वाजवण्यापुरता. परंतु मुलाने विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून वाचू लागलो, आणि वाचता वाचता एका वेगळ्याच गोष्टीत अडकलो. तीच गोष्ट आपणापुढे ठेवतो. ती एका विद्यापीठाच्या संघाची आहे, एका दुभंगलेल्या शहराची आहे, आणि अंगाने थोराड नाहीत म्हणून ज्यांना बाजूला सारले जाई अशा मुलांची आहे.

प्रथम खेळाची तोंडओळख. अमेरिकन फुटबॉलचे मैदान शंभर यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असते. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. एका बाजूकडे चेंडू असतो. तिला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकली तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. तो चेंडू फेकतो, दुसऱ्याच्या हाती देतो किंवा स्वतः घेऊन धावतो. बचाव करणाऱ्यांचे काम सांगायला सोपे : चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला जमिनीवर पाडायचे. आपल्या कबड्डीत सात जण मिळून एका चढाईपटूला धरतात; इथे चढाईपटूबरोबर त्याचे दहा साथीदारही येतात आणि ते पकडणाऱ्यांना धक्के देऊन वाटेतून दूर करतात. म्हणूनच पूर्वीपासून असा समज रूढ होता की बचावासाठी माणूस डोंगरासारखा हवा. वजन जास्त तर भिंत पक्की.

या समजाला धक्का दिला तो फ्लोरिडा राज्यातील मायामी विद्यापीठाने.

सन १९८० चे मायामी शहर डोळ्यांपुढे आणा. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात क्यूबामधून सुमारे सव्वा लाख माणसे बोटींतून फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरली. त्याच वर्षी मे महिन्यात आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय विमा प्रतिनिधीच्या मृत्यूप्रकरणी आरोपी असलेले पोलीस निर्दोष सुटले आणि लिबर्टी सिटी या वस्तीत दंगल उसळली. अठरा माणसे मेली. ओव्हरटाउन नावाची जुनी कृष्णवर्णीय पेठ तर १९६० च्या दशकातच महामार्गाने मधोमध चिरून टाकली होती. ज्या वस्तीचे नाव वर्तमानपत्रात केवळ दंगलीच्या बातमीत छापले जाते, तेथील मुलांकडे जग कसे पाहते, हे मी आपणांस वेगळे सांगायला नको.

अशा शहरात एक खासगी विद्यापीठ होते आणि त्याचा फुटबॉल संघ इतका डबघाईला आला होता की १९७० च्या दशकात तो बंद करण्याचाच विचार चालला होता. १९७९ मध्ये हॉवर्ड श्नेलेनबर्गर हे प्रशिक्षक म्हणून आले. पाच वर्षांत राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवू, असे त्यांनी सांगितले तेव्हा लोकांनी ते फारसे मनावर घेतले नाही. त्यांनी एक साधी गोष्ट केली. दक्षिण फ्लोरिडाचा भाग म्हणजे आपले राज्य असे ठरवले आणि तेथील शाळांची मैदाने पालथी घातली. लिबर्टी सिटीसारख्या वस्त्यांत, जिथे मोठ्या विद्यापीठांचे लोक क्वचित फिरकत, तिथे हे गेले. मुलांच्या आयांशी त्यांच्या घरी बसून बोलले. त्या मुलांत एक गुण विपुल होता, तो म्हणजे वेग.

पाचव्या वर्षी, २ जानेवारी १९८४ रोजी, मायामीच्याच ऑरेंज बाउल मैदानावर नेब्रास्का विद्यापीठाशी गाठ पडली. नेब्रास्काचा संघ त्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५२ गुण मिळवीत होता. त्यांचे धक्का देणारे गडी शेतकऱ्यांच्या मुलखातले, थोराड. मायामीने पहिल्याच सत्रात १७–० अशी आघाडी घेतली. मग नेब्रास्काने एक गंमतशीर युक्ती केली. क्वार्टरबॅकने चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला आणि सगळे एका बाजूस पळाले. मायामीचे चपळ गडी त्यांच्या मागे धावले, आणि डीन स्टाइनकूलर नावाचा अगडबंब गडी, ज्याचे काम एरवी केवळ धक्के देण्याचे, तो चेंडू उचलून विरुद्ध बाजूने चालता झाला. टचडाउन! ही युक्ती लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

सामना ३१–१७ वरून नेब्रास्काने ३१–३० पर्यंत आणला. ४८ सेकंद उरले होते. साधी लाथ मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीवरही अजिंक्यपद बहुधा नेब्रास्कालाच मिळाले असते. पण त्यांचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न यांनी विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न करायचे ठरवले. टर्नर गिलने चेंडू फेकला, आणि केनी कॅल्हून या मायामीच्या बचावपटूची बोटे त्याला लागली. चेंडू खाली पडला. मायामी अजिंक्य. मला ऑस्बोर्न यांचा तो निर्णय आजही त्या सामन्यातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते, पण आपला विषय कॅल्हूनची बोटे हा आहे.

त्यानंतर श्नेलेनबर्गर गेले आणि १९८४ च्या उन्हाळ्यात जिमी जॉन्सन आले. टेक्सासमधील पोर्ट आर्थर या तेलशुद्धीच्या गावात वाढलेले, मानसशास्त्राचे पदवीधर, स्वतः अर्कान्सा विद्यापीठात पुढच्या बचावफळीत खेळलेले. त्याआधी पाच वर्षे ते ओक्लाहोमा स्टेट संघाचे प्रशिक्षक होते. त्या पाच वर्षांत ओक्लाहोमा आणि नेब्रास्का या दोन बलाढ्य शेजाऱ्यांशी त्यांचे दर वर्षी सामने झाले आणि एकही जिंकता आला नाही. दहापैकी दहा पराभव! ज्याने इतका मार खाल्ला आहे तो मार कुठून येतो हे चांगले ओळखतो.

मायामीत पहिले वर्ष मात्र फजितीचे गेले. सहकारी प्रशिक्षक जुनेच ठेवावे लागले, बचावाची पद्धतही जुनीच. १० नोव्हेंबर १९८४ रोजी मेरीलँडविरुद्ध मध्यंतरास ३१–० अशी आघाडी होती. सामना ४२–४० असा हरले. उत्तरार्धात मेरीलँडकडून फ्रँक राइक हा राखीव क्वार्टरबॅक आला होता. पंधरवड्यात बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने, ज्याची उंची त्या खेळाच्या मानाने फारच कमी, शेवटच्या क्षणी अर्ध्या मैदानाहून लांब चेंडू भिरकावला. एवढा छोटा माणूस इतक्या दूर फेकणार नाही अशा समजुतीत मायामीचे रक्षक राहिले. चेंडू त्यांच्या मागे असलेल्या गड्याच्या हाती पडला. ४७–४५. मग १ जानेवारी १९८५ रोजी यूसीएलएकडून ३९–३७. तिन्ही पराभव दोन-दोन गुणांचे, आणि तिन्ही वेळा चढाईने चाळीसच्या आसपास गुण मिळवूनही पराभव. चढाई कितीही चांगली असली तरी बचाव गळका असेल तर घागर भरत नाही.

पुढील हंगामापासून जॉन्सन यांनी बचाव आपल्या पद्धतीने बांधला. पद्धत अशी. अकरांपैकी चार पुढे, तीन मध्ये, चार मागे. ही मांडणी काही नवी नव्हती. नवे होते ते माणसांची जागा बदलणे. जो मुलगा शाळेत मागच्या ओळीत खेळत असे, म्हणजे सर्वांत चपळ पण सडपातळ, त्याला मधल्या ओळीत आणले. मधल्या ओळीतल्याला पुढच्या ओळीच्या कडेला आणि कडेच्याला थेट मध्यभागी. प्रत्येक जण एकेक घर पुढे. परिणामी प्रत्येक जागेवरचा गडी त्या जागेच्या रूढ मापापेक्षा वजनाने हलका, पण पायाने वेगवान झाला. आणि त्याला शिकवण दिली ती अशी की थांबून, समोरच्याचा धक्का अंगावर घेऊन, मग विचार करायचा नाही. दोन माणसांमधील एक फट तुझी, चेंडू हलताच त्या फटीतून घूस.

विद्यार्थी मित्रहो, यात भूमितीही आहे. त्या काळी ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांची चढाई मुख्यतः धावण्यावर चाले. ओक्लाहोमाची 'विशबोन' रचना प्रसिद्ध होती : क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावपटू, कोंबडीच्या काट्यासारख्या आकारात. क्वार्टरबॅक ओळीला समांतर धावू लागतो. कडेच्या रक्षकापाशी आला की पाहतो : रक्षक माझ्यावर आला तर चेंडू बाहेरच्या साथीदाराकडे टाकायचा, साथीदाराकडे गेला तर मीच घुसायचे. म्हणजे एका रक्षकापुढे दोन शत्रू आणि कोणताही निर्णय घेतला तरी तो चुकीचाच. यावर वजनाचा काही उपाय नाही. पण बाहेर धावणाऱ्याला आधी कडेला आणि मग पुढे जावे लागते, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू तो चालतो. आतल्या बाजूचा रक्षक मात्र कर्णाने तिरका धावतो. तो पुरेसा वेगवान असेल तर दोन बाजू संपण्याआधी कर्ण संपतो. एकाला दोन हा हिशेब मग एकास एक होतो. मैदानाची रुंदी तीच, पण चढाई करणाऱ्याला ती आक्रसल्यासारखी वाटते.

आता निकाल पाहा. १९ ऑक्टोबर १९८५ रोजी ओक्लाहोमाच्याच गावी मायामी २७–१४ ने जिंकली. त्या सामन्यात जेरोम ब्राऊनच्या झडपेखाली ओक्लाहोमाचा तरुण क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन याचा घोटा मोडला. त्याच्या जागी जमेल हॉलिवे आला आणि उरलेले सामने जिंकत ओक्लाहोमाने त्या वर्षीचे अजिंक्यपद पटकावले. १९८६ च्या सप्टेंबरात पुन्हा गाठ : मायामी २८, ओक्लाहोमा १६. आणि १ जानेवारी १९८८ रोजी तिसऱ्यांदा, या वेळी दोघेही अपराजित, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर. ओक्लाहोमाचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर हे जॉन्सन यांचे जुने सहकारी. एकेकाळी दोघे ओक्लाहोमातच साहाय्यक होते. मायामीचा मधल्या ओळीचा मुख्य खेळाडू त्या दिवशी खेळू शकत नव्हता. बर्नार्ड क्लार्क या बदली गड्याला उतरवले, आणि सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. मायामी २०–७ ने पुढे असताना ओक्लाहोमाने काय केले असेल? तीच चेंडू जमिनीवर ठेवण्याची युक्ती! मार्क हटसन नावाच्या धिप्पाड गड्याने तो उचलून टचडाउन केले आणि चपळ मंडळी पुन्हा भलतीकडे धावत राहिली. २०–१४ वर सामना संपला. ही युक्ती पुढे नियमाने बंद करण्यात आली. पण वेगाचा कच्चा दुवा तिने दोनदा दाखवून दिला होता. जो फार लवकर धावतो तो चुकीच्या दिशेनेही लवकरच धावतो.

या तीन हंगामांत ओक्लाहोमाने ३६ सामने खेळले. ३३ जिंकले, ३ हरले. तिन्ही मायामीशी.

मधल्या वर्षी मात्र मायामीला स्वतःला ठेच लागली. २ जानेवारी १९८७ रोजी पेन स्टेटशी अजिंक्यपदाचा सामना होता. मायामीचे खेळाडू विमानातून लष्करी पोशाखात उतरले होते, आणि त्यांच्या गुर्मीची बरीच चर्चा झाली होती. सामन्यात त्यांच्या बचावाने पेन स्टेटला जेमतेम १६२ यार्ड मिळू दिले. तरी निकाल पेन स्टेट १४, मायामी १०! कारण मायामीच्या चढाईने सात वेळा चेंडू गमावला, त्यांतील पाच वेळा फेकलेला चेंडू समोरच्यांनी झेलला. बचाव टिकला आणि संघ पडला. आकड्यांवरून इतिहास लिहिणाऱ्यांनी हा सामना जवळ ठेवावा.

नेब्रास्काचे पुढे काय झाले, हा मला या कथेचा सर्वांत बोलका भाग वाटतो. १९८९ च्या जानेवारीत मायामीने त्यांना २३–३ ने हरवले, १९९२ च्या जानेवारीत २२–० ने. ज्या संघाची चढाई एकेकाळी सामन्यामागे ५२ गुण मिळवी, त्याला एकदा तीन आणि एकदा शून्य! ऑस्बोर्न हे पन्नाशी उलटलेले, प्रतिष्ठित गृहस्थ. आपली पद्धतच श्रेष्ठ असे म्हणत बसले असते तरी त्यांना कोणी नोकरीवरून काढले नसते. त्यांनी काय केले? आपल्याला हरवणाऱ्याची वही उघडली. नेब्रास्काने आपला जुना जड बचाव सोडून चार-तीन-चारची चपळ मांडणी घेतली आणि मागच्या ओळीतील मुलांना मधल्या ओळीत आणले, अगदी मायामीसारखे.

१ जानेवारी १९९५. पुन्हा तेच ऑरेंज बाउल मैदान, पुन्हा मायामी. जॉन्सन केव्हाच गेले होते, पण फळी त्याच परंपरेची. वॉरन सॅप हा त्या वेळचा तिचा म्होरक्या. शेवटच्या सत्राच्या आरंभी मायामी १७–९ ने पुढे होती. मात्र तीन सत्रे नेब्रास्काचे थोराड गडी त्या हलक्या फळीला अविरत धक्के देत होते. प्रत्येक धक्का लहान, पण एकामागून एक. मायामीचे खेळाडू कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागले. मग नेब्रास्काने कडेला पळणे सोडले आणि सरळ मधोमध वार केला. झेप घेऊन आत शिरणाऱ्या रक्षकाला अडवायचेच नाही. येऊ द्यायचे, बाजूने धक्का द्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून कोरी श्लेसिंजर या दणकट धावपटूला पाठवायचे. पहिले टचडाउन १५ यार्डांवरून, दुसरे १४ यार्डांवरून. नेब्रास्का २४, मायामी १७. ऑस्बोर्न यांचे ते पहिले अजिंक्यपद, त्या दोन गुणांच्या फसलेल्या फेकीनंतर अकरा वर्षांनी, त्याच मैदानावर.

तेव्हा चपळ बचाव टिकतो का, या प्रश्नाला माझे उत्तर असे : कडेने येणाऱ्यापुढे टिकतो, फसवणाऱ्यापुढे डळमळतो, आणि जो थकवू शकतो व ज्याच्यापाशी धीर आहे त्याच्यापुढे चौथ्या सत्रात मोडतो. जाणकार मंडळी माझ्याशी असहमत होऊ शकतील.

जॉन्सन १९८९ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाकडे गेले. तिथे त्यांनी निवडलेला पहिला खेळाडू कोण? ट्रॉय एकमन, तोच, ज्याचा घोटा त्यांच्याच फळीने मोडला होता. पहिल्या वर्षी १६ पैकी १५ सामने हरले. व्यावसायिक खेळात हलक्या गड्यांची पद्धत चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांना चांगलाच जोर आला. पण ३१ जानेवारी १९९३ च्या सुपर बाउलमध्ये डॅलसने बफेलोला ५२–१७ ने धुळीस मिळवले. बफेलोने नऊ वेळा चेंडू गमावला. बफेलोचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाल्यावर आत कोण आला असेल? फ्रँक राइक! १९८४ मध्ये ३१ गुणांची पिछाडी भरून काढणारा तोच, पण या वेळी समोर गळकी फळी नव्हती. गंमत अशी की त्याच सामन्यात डॅलसचा लिऑन लेट हा भलामोठा गडी चेंडू उचलून मोकळ्या मैदानातून धावत सुटला, रेषेजवळ येताच हात पसरून ऐटीत चालू लागला, आणि मागून जीव तोडून पळत आलेल्या बफेलोच्या डॉन बीबीने त्याच्या हातातला चेंडू उडवला. सामना केव्हाच गेला होता. तरी बीबी पळाला.

आता पालकांसाठी थोडे. या मुलांना विद्यापीठाकडून शिक्षण, निवास आणि भोजन मिळे. पगार नसे, आणि त्यांच्या खेळावर विद्यापीठे मोठा पैसा मिळवीत. वस्तीतल्या मुलासाठी तो एक दरवाजा होता, यात शंका नाही. पण आत गेलेला प्रत्येक जण पदवी घेऊन बाहेर आला असे नाही. गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी अनुदानाच्या अर्जांत खोटी माहिती भरल्याचे प्रकरण मायामीच्या संघात उघडकीस आले, आणि १९९५ च्या डिसेंबरात क्रीडा नियामक संस्थेने त्यांच्या शिष्यवृत्त्या कमी करून हंगामाच्या शेवटच्या मानाच्या सामन्यास एका वर्षाची बंदी घातली. मोठ्यांच्या चुकीचा फटका पुढच्या मुलांना बसला : शिष्यवृत्ती कमी म्हणजे कुठल्या तरी शाळेतील काही मुलांसाठी तो दरवाजा बंद.

१९८७ च्या त्या अपराजित संघात मधल्या ओळीत रँडी शॅनन नावाचा मायामीचाच मुलगा खेळत होता. २००१ मध्ये तो त्याच विद्यापीठाचा बचाव-प्रशिक्षक होता. त्या वर्षी संघाने बारापैकी बारा सामने जिंकले आणि बारा सामन्यांत मिळून केवळ ११७ गुण दिले. अखेरच्या सामन्यात जुना प्रतिस्पर्धी नेब्रास्का ३७–१४ असा हरला. २००७ मध्ये शॅनन मुख्य प्रशिक्षक झाले. त्या विद्यापीठात या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या कारकिर्दीत खेळाडूंच्या अभ्यासाच्या मोजपट्टीवर मायामीचा संघ देशातील चांगल्या संघांत गणला जाऊ लागला. मैदानावर मात्र चार वर्षांत २८ विजय आणि २२ पराभव. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, हंगामाचा शेवटचा साखळी सामना हरल्यावर काही तासांतच, विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले.